पपईचा चीक

प्रेमिला रामटेकेने त्या रविवारी मटणाचा पार लगदा करून ठेवला, आणि जिजाबाई आत्याने सगळ्या पाचपावली वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात तिची हजेरी घेतली.

"कच्च्या पपईची फोड चोळायची अन् घटकाभरानं मटण धुऊन काढायचं, एवढंही तुले जमत नाही? इतका वेळ काहून ठेवलं वं? बोटानं दाबलं तर पीठ होऊन राहिलं! डॉक्टर होऊन राहिली म्हणे!"

प्रेमिला परातीसमोर नुसती उभी होती. एरवी आत्याला तिने एकाला दोन सुनावले असते. पण तिला परातीतलं मटण दिसतच नव्हतं. तिला दिसत होत्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशा, आणि नागपूरच्या मे महिन्यात, पत्रे तापून निघालेल्या त्या खोलीत, तिचे हातपाय गार पडले होते.

असं का झालं हे कळायला आधी तिच्या सरांची ओळख करून घ्यावी लागेल. डॉ. दत्तोपंत पांढरीपांडे हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. माणूस तापट, बोलायला फटकळ, पण शिकवायला बसला की जेवणखाण विसरणारा. त्यांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक त्यांनी शोधून काढलेली 'दोन दारं', आणि दुसरी धरमपेठेतल्या त्यांच्या अंगणातली पपई. गंमत म्हणजे दोन्ही अभिमान एकमेकांत गुंतलेले होते, आणि ते किती गुंतलेले आहेत हे खुद्द सरांनाच माहीत नव्हतं.

हृदयाच्या प्रत्येक पेशीला अतिशय बारीक दारं असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि पडताना विजेचा एवढासा प्रवाह वाहतो. ठोका देऊन झाला की पेशी पुन्हा शांत होते ती या प्रवाहामुळे. सर आणि प्रेमिला हा प्रवाह मोजत. त्यासाठी उबवलेली कोंबडीची अंडी आणायची, आतल्या पिलाचं इवलंसं हृदय काढायचं, त्याच्या पेशी सुट्या करायच्या आणि बशीत वाढवायच्या. दोन दिवसांत त्या बशीच्या तळाला चिकटून एकेकट्या धडधडू लागतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा प्रेमिलाच्या अंगावर काटा आला होता.

पेशी सुट्या करायला एक औषध लागतं, आणि ते परदेशातून येई. म्हणजे येई असं म्हणायचं. मागवलं की वर्ष जाई, आणि आलंच तर मुंबईच्या गोदामातल्या उकाड्यात आधीच वाया गेलेलं असे. शेवटी सर वैतागले. "खड्ड्यात गेली तुमची परदेशी बाटली," म्हणाले, आणि अंगणातल्या हिरव्या पपईला चिरा पाडून तिचा पांढरा चीक गोळा करू लागले. वाळवायचा, विरघळवायचा, गाळायचा. काम फक्कड होई. कोवळ्या पिलांची हृदयं मऊ, ती चिकात टाकली की लगेच सुटत. अंड्यातून बाहेर यायच्या बेतात असलेल्या मोठ्या पिलांची हृदयं चिवट, म्हणून ती चिकात बराच वेळ ठेवावी लागत.

मग असं दिसलं की कोवळ्या पेशीत पोटॅशियमचा प्रवाह संथपणे चढत जातो, आणि मोठ्या पेशीत तो एकदम उसळतो आणि जागच्या जागी थांबतो. त्यावरून सरांनी सिद्धांत मांडला की वाढत्या वयात हृदय आपलं दार बदलतं. कोवळेपणी एक दार, मोठेपणी दुसरं. परिषदांत वाहवा झाली. प्रेमिलाची सहा वर्षं त्याच दोन दारांवर उभी होती. प्रबंध टंकून, बांधून सरांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. सही झाली की ती डॉक्टर होणार होती. उमरेडला तिचे वडील चंद्रभान, कोळशाच्या खाणीतून घरी आले की हातपाय धुवायच्या आधी विचारत, "सही झाली काय वं?"

आता मटणाकडे येऊ. पपईचा चीक मांस मऊ करतो, कारण तो मांसातली प्रथिनं खातो. जास्त वेळ ठेवलं तर जास्त खातो. सर जन्माचे शाकाहारी. चिकात मांस विसरलं तर काय होतं हे त्यांना दाखवणारं घरात कोणी नव्हतं. प्रेमिलाच्या घरात होतं, आणि तरी सहा वर्षं तिच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याचा तिला स्वतःचाच भयंकर संताप आला. मोठ्या पिलांचं हृदय वेगळं नव्हतंच. ते फक्त चिकात जास्त वेळ पडलेलं होतं!

दुसऱ्या दिवशी तिने कोणाला न सांगता कोवळी हृदयं मोठ्यांइतका वेळ चिकात ठेवली. पेशी धडधडू लागल्यावर प्रवाह मोजला. कोवळ्या पेशींचा प्रवाह उसळला आणि जागच्या जागी थांबला. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. म्हणजे दार एकच होतं. पण त्या दाराला बाहेरून बिलगून दुसरं एखादं प्रथिन बसलेलं असलं पाहिजे, आणि चीक ते खाऊन टाकत असला पाहिजे. सायकलवर मागे बसलेला माणूस पॅडल मारत नाही, पण तो बसला की सायकल हळू सुटते आणि उतरला की चटकन पळते, तसं काहीसं. त्या जोडीदारातून स्वतः काहीच वाहत नाही. पण तो असला की प्रवाह संथ, आणि नसला की उतावळा.

खरं म्हणजे हे दोन दारांपेक्षा कितीतरी मोठं होतं. पण ते खरं ठरलं तर सरांचा सिद्धांत कोसळत होता आणि त्याच्याबरोबर टेबलावरचा प्रबंधही. तिने हे सरांना सांगितलं तो दिवस तर सगळ्यात वाईट होता. त्याच सकाळी पुण्याहून डॉ. यमुताई गोडबोले अनुदान समितीतर्फे प्रयोगशाळा पाहायला येणार होत्या. त्यांनी अनुकूल लिहिलं की सरांना हृदयपेशींच्या संशोधनाचं स्वतंत्र केंद्र मिळणार होतं. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि या केंद्राची वाट त्यांनी अख्खा जन्म पाहिली होती.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"कधीपासून माहीत आहे तुला हे?"

"काल संध्याकाळपर्यंत खात्री करून राहिली होती, सर."

"खात्री! दोनचार बशा बिघडल्या की झाली हिची खात्री!" त्यांनी टेबलावरचा प्रबंध उचलला आणि धाडकन खाली ठेवला. "आणि हा? हा पण फाडून टाकू? तुझी शिष्यवृत्ती अडली तेव्हा ऑफिसात कोण भांडलं होतं? काचेची सुई ओढायला कोणी शिकवलं? यमुताई येऊन राहिली अर्ध्या तासात, अन् तू मला पपई शिकवून राहिली!"

प्रेमिलाने सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसायला घेतलं. त्यांनी म्हटलेला एकूण एक शब्द खरा होता आणि त्याचाच तिला त्रास होत होता. भांडखोर, स्वार्थी मास्तर असता तर तिने केव्हाच तोंड उघडलं असतं. या माणसाने तिला पोटच्या पोरीसारखं शिकवलं होतं.

"पेशी तू धरशील, कारण माझा हात आता थरथरतो," सर म्हणाले. "विचारलं तेवढं दाखवायचं. बोलायचं मी."

यमुताई आल्या. सुती पातळ, पांढरे केस, हातात भलीमोठी पिशवी आणि नजर अशी की समोरच्याने उगाच आपली बटणं नीट आहेत का ते पाहावं. दत्तोपंतांना त्या कॉलेजपासून ओळखत होत्या.

"दत्तोपंत, तुमच्या नागपुरात माणसं राहतात तरी कशी? आणि तो कूलर का बंद केलात?"

"त्याच्या मोटरीनं पडद्यावर कचरा येतो, यमुताई. माणसं भाजली तर चालतात, रेघ स्वच्छ पाहिजे."

त्या हसल्या. प्रेमिलाला हसू आलं नाही. तिने कोवळ्या पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि रबरी नळीचं टोक दातांत धरलं. नळीच्या दुसऱ्या टोकाला केसाहून बारीक काचेची सुई होती. सुई पेशीला टेकवायची आणि नळीतून हलकेच श्वास ओढायचा. कमी ओढला तर सुई चिकटत नाही, जास्त ओढला तर पेशी फुटते. घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिने डोळ्याच्या भिंगात धडधडणारी एक एकटी पेशी निवडली, सुई खाली आणली, टेकवली, श्वास ओढला. पडद्यावरची रेघ सपाट झाली. अजून एक झटका, आणि पेशी सुईवर आली.

"वा! हात चांगला आहे मुलीचा," यमुताई म्हणाल्या.

"माझाच हात आहे तो," सर म्हणाले, आणि त्या बोलण्यात इतका साधा आनंद होता की प्रेमिलाला भिंगावरून डोळा उचलवेना.

आता यंत्राने पेशीला एका ठरावीक विजेच्या दाबावर धरलं होतं. अशी धरून ठेवलेली पेशी ठोके देत नाही, ती मुकाट मोजू देते. प्रेमिलाने कळ दाबली. पडद्यावर हिरवी रेघ हळूहळू, दमादमाने वर चढली. सरांनी कोवळं दार समजावून सांगितलं. मग मोठ्या पेशींचे आदल्या आठवड्यात घेतलेले फोटो दाखवले. रेघ उसळलेली, मग सपाट. यमुताई चष्मा कपाळावर चढवून पाहत राहिल्या.

"सुंदर आहे. पेशी सुट्या कशाने करता?"

सरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी पपईची सगळी कथा रंगवून सांगितली, अगदी कोणत्या अंगाला चीर पाडायची इथपर्यंत. यमुताईंनी दाद दिली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "दोन्हींना तोच चीक?"

"तोच."

"आणि वेळ?"

प्रेमिलाच्या दातांत अजून नळी होती, आणि तिने ती घट्ट चावली. सर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. तिने आधीच चुगली केली की काय असा संशय त्यांच्या डोळ्यांत आला, आणि गेलाही.

"मोठ्यांना थोडा जास्त," ते म्हणाले. "चिवट असतात."

"मग एक करा ना. ही कोवळी पेशी सुईवर आहेच. हिच्यावर आत्ता चीक टाका. काही झालं नाही म्हणजे माझी शंका मिटली, मी तसं लिहून टाकते."

सरांना नाही म्हणता आलं असतं. उकाडा आहे, पेशी दमली आहे, सबबी पुष्कळ होत्या. पण त्यांचा आपल्या दारांवर विश्वास होता. सकाळी ऐकलेलं त्यांनी रागाच्या भरात झटकून टाकलं होतं. ते ताठ झाले आणि म्हणाले, "टाक वं प्रेमिला. होऊन जाऊ दे."

तिने बशीत चीक सोडला आणि कळ दाबली. रेघ संथ चढली. थोडं थांबून पुन्हा दाबली. संथच. सरांनी विजयी मुद्रेने यमुताईंकडे पाहिलं. प्रेमिलाच्या मनात एक लबाड आशा जागी झाली. आपणच चुकलो असू तर किती बरं होईल! सही होईल, बाबांना कळवता येईल, सरांना केंद्र मिळेल. तिने पुन्हा कळ दाबली.

या वेळी रेघ जरा लवकर चढली. पुढच्या वेळी आणखी लवकर. मग सगळ्यांच्या देखत ती उसळली आणि जागच्या जागी थांबली. सरांच्या हातातल्या फोटोत होती तशीच, हुबेहूब. आणि पेशी तर तीच, मघाची कोवळी पेशी होती.

प्रेमिलाने तिरक्या नजरेने सरांकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. इतक्या वर्षांत असल्या हजारो रेघा वाचलेल्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. त्यांनी फोटो उलटा करून टेबलावर ठेवला.

"पेशी मेली," ते म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "उन्हाळ्यात होतं असं. मरताना अशीच वेडीवाकडी रेघ येते."

"मरतात बाई," यमुताई म्हणाल्या आणि पिशवीतून रुमाल काढून मान पुसू लागल्या. "आमच्याकडेही मरतात. बरं, राहू द्या. दुपारच्या गाडीआधी मला जेवायचंय."

संपलं होतं. कोणी काही बोललं नसतं तर तिथेच संपलं होतं. मेलेल्या पेशीवरून कोणाचा सिद्धांत पडत नाही. प्रेमिलाने नळी तोंडातून काढली. तिच्या हाताशी यंत्राची ती खिट्टी होती, जिने पेशीला धरता येतं आणि सोडताही येतं. टेबलावर तिचा प्रबंध होता. सर तिच्याकडे पाहत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्याकडे काहीतरी मागत होते. तिला त्यांची दया आली, राग आला, आणि दोन्हींपेक्षा जास्त भीती वाटली. सहा वर्षं! बाबांना काय सांगायचं?

पण पेशी मेली नव्हती. सुईच्या टोकाशी ती जिवंत होती, हे तिच्या हातालाच कळत होतं, आणि जिवंत असलेल्याला मेलं म्हणून बशी मोरीत ओतायला तिचा हात काही केल्या उठेना. तिने खिट्टी उलटी फिरवली आणि पेशीला सोडून दिलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पडद्यावर एक उंच ठोका उमटला. मागोमाग दुसरा. मग एकामागून एक ठोके येऊ लागले.

"सर, जिवंत आहे," प्रेमिला म्हणाली. "भिंगातून पाहा. धडधडून राहिली."

यमुताईंचा रुमाल मानेवरच राहिला. सर जागचे हलले नाहीत. मग जड पावलांनी आले, वाकले आणि भिंगाला डोळा लावला. ते इतका वेळ वाकून राहिले की प्रेमिलाला वाटलं, हे आता वर बघणारच नाहीत.

"हो," ते म्हणाले. डोळा अजून भिंगालाच होता. "जिवंत आहे. मीच मारून राहिलो होतो तिले."

घरी आईशी बोलत असतील तसं ते 'तिले' सरांच्या तोंडी प्रेमिलाने कधी ऐकलं नव्हतं. ते सरळ उभे राहिले आणि त्यांनी यमुताईंना सगळं सांगितलं. मटणासकट सांगितलं. प्रेमिलाने आज सकाळी हेच सांगितलं होतं आणि आपण तिला गप्प बसवलं, हेही सांगितलं.

यमुताई मऊ पडल्या नाहीत. "दत्तोपंत, एवढ्याने तुमची विद्यार्थिनी बरोबर ठरत नाही. पपईच्या चिकात प्रथिनं खाणाऱ्या रसाखेरीज शंभर गोष्टी असतील. त्यांतल्याच कशाने तरी रेघ बदलली नाही कशावरून?"

एवढा पुढचा विचार प्रेमिलाने केलाच नव्हता. तिचं तोंड उतरलं. आता सर म्हणू शकत होते की हो, बरोबर, काहीच सिद्ध होत नाही. अर्धी अब्रू तरी वाचली असती.

सरांनी चिकाची बाटली उचलून उजेडात धरली.

"उकळून टाकू," ते म्हणाले. "उकळला की खाणारा रस मरतो, बाकीचं बरंचसं तसंच राहतं. उकळलेल्या चिकानं रेघ बदलली तर हिचं खोटं. नाही बदलली तर हिचं खरं."

आपल्याला बुडवणारा प्रयोग त्यांनी स्वतःच सुचवला होता, आणि तो करायला ते लागलेही. त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, चीक परीक्षानळीत घेऊन उकळला, बर्फात धरून गार केला. प्रेमिलाने दुसरी कोवळी पेशी सुईवर घेतली. या वेळी चीक सरांनी टाकला. त्यांनी एका हाताचं मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं होतं. रेघ संथ चढली. ते थांबले, वाट पाहिली. संथच. मघापेक्षा कितीतरी जास्त वेळ त्यांनी वाट पाहिली. रेघ शेवटपर्यंत दमादमाने चढत राहिली.

"खरं आहे हिचं," सर म्हणाले.

यमुताईंनी पिशवी खांद्याला लावली. "केंद्राचं मला लिहिता यायचं नाही, दत्तोपंत."

"नका लिहू."

"पण हे जे आज पाहिलं, ते हिने लवकर छापावं. दाराशी बसलेलं हे जे कोण आहे, ते इतरही लोक शोधत असणार." आणि त्या गेल्या.

सरांनी टेबलावरचा प्रबंध उचलला. कापडी पाठीवरचं सोनेरी नाव त्यांनी अंगठ्याने एकदा पुसलं आणि तो तिच्यापुढे धरला.

"यावर आता सही करता येत नाही, प्रेमिला."

"माहीत आहे, सर."

"खिट्टी फिरवली तेव्हा माहीत होतं?"

"हो."

तिने प्रबंध हातात घेतला आणि तिला रडू कोसळलं. सहा वर्षांचं रडू होतं ते, लवकर आवरेना. सरांनी तिला रडू दिलं. स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांनीही बाहीने दोनदा डोळे पुसले. मग ते वळले आणि टेबलापाशी येऊन चिकाची बाटली हातात घेतली.

"डोळे पूस," ते म्हणाले. "अजून दोन बशा जिवंत आहेत."